व्यसनमुक्ती केंद्रात कामाला लागताय? आधी हे विचारायला शिका

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षी फील्डवर्कसाठी मी कोल्हापुरातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात गेले, तेव्हा समुपदेशन म्हणजे समजावून सांगणं असं माझ्या डोक्यात होतं. पहिल्याच आठवड्यात फौंड्रीत काम करणारे एक काका दारू सोडायला बायकोसोबत आले. मी पाऊण तास बोलले. लहानपण, कर्ज, भावकीतली भांडणं, सगळं लिहून घेतलं. त्यांचे हात थरथरत होते. मला वाटलं, संकोचलेत. त्याच रात्री त्यांना फिट आली. सिस्टरनी सावरलं. सकाळी डॉक्टरांनी माझे चार कागद चाळले आणि विचारलं, "शेवटची कधी घेतली होती?" ते मी विचारलंच नव्हतं. केंद्रात आले त्याच्या आदल्या दिवशी दुपारी, असं बायकोकडून कळलं.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली, की साधारण ६ ते १२ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. फिटचा धोका पहिल्या ४८ तासांत मोठा असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, अंगावर किडे फिरताना दिसतात, माणूस घरच्यांनाही ओळखत नाही. यात जीवही जाऊ शकतो. आपल्याकडे श्रावण लागला म्हणून किंवा माळ घातली म्हणून एका दिवसात सोडणारे पुष्कळ. निश्चय खराच असतो, पण शरीराला औषधांचा आधार लागतो. आणि घरचे म्हणतात, "बाहेरचं काहीतरी झालंय." अशा पेशंटला वेळेवर दवाखान्यात पाठवणं हे तुमचं काम.

दुसरा प्रश्न, किती? "थोडीच" हे उत्तर कागदावर लिहू नका. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दारूच्या सवयीबद्दलची १० प्रश्नांची चाचणी आहे, गुण ० ते ४०. ८ किंवा जास्त आले तर सावध व्हायचं. ती भरताना 'एक ड्रिंक' म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीत, अशी सहा ड्रिंक बसतात. पेशंट मात्र "एकच घेतो" म्हणतो. संशोधनासाठी माहिती गोळा करायला बसलात, तर हा हिशेब चुकला की पुढचं सगळं चुकतं. देशीची तीव्रता वेगळी असते, म्हणून कुठली घेतली तेही विचारा.

घरच्या बाईशी एकटीशी बोला. त्यांना एक गोष्ट बजावून सांगा: दारू सुटावी म्हणून दिल्या जाणाऱ्या डायसल्फिरामच्या गोळ्या आमटीत लपवून द्यायच्या नाहीत. त्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकतं. पेशंटला माहीत असून, त्याच्या संमतीनेच हे औषध चालतं. मला हे दोन घरांत सांगावं लागलं. दोन्हीकडे त्या बायका रडल्या, कारण त्यांच्याकडे दुसरा उपाय उरला नव्हता. अशा वेळी उपदेश करू नका, नुसतं बसा.

पुन्हा पिणं होतंच. त्याला आम्ही स्लिप म्हणतो आणि पेशंटला परत यायला लाज वाटू नये म्हणून दर आठवड्याला फोन करतो. ते काका तीन महिन्यांनी आले. मी वही उघडायच्या आत म्हणाले, "ताई, काल रात्री साडेनऊला. एक क्वार्टर, देशी." मी आधी त्यांचे हात पाहिले, मग सिस्टरना हाक मारली.