रॅक नंतर हलवा, आधी माल हलवा

तुर्भे-महापेच्या एमआयडीसी पट्ट्यात किंवा भिवंडीकडे मानकोली-पडघ्याला वेअरहाऊसमध्ये पहिली नोकरी लागली की साहेब हमखास सांगतात, "लेआउट बघ जरा, पोरं फार फिरतात." नवा इंजिनिअर लगेच ऑटोकॅड उघडतो. उघडू नका. पोरं का फिरतात ते ड्रॉइंगमध्ये दिसत नाही, पिक लिस्टमध्ये, म्हणजे रॅकवरून काय काय काढायचं त्या यादीत, दिसतं.

मी स्पेअर पार्ट्सच्या गोडाऊनमध्ये शिकलो, म्हणून उदाहरणं तिथलीच देतो. महिन्या-दोन महिन्यांच्या पिक लिस्ट काढा आणि कोणत्या पार्टची ओळ किती वेळा आली ते मोजा. नग मोजू नका, ओळी मोजा. एका खेपेत शंभर नट-बोल्ट निघाले तरी खेप एकच. अकाउंट्सकडून एबीसी यादी (मालाची महत्त्वानुसार अ, ब, क अशी वर्गवारी) मिळेल, पण ती बहुतेक वेळा किमतीवर केलेली असते. महागडा गिअरबॉक्स तिथे 'ए'मध्ये दिमाखात बसलेला असतो आणि निघतो महिन्यातून दोनदा. त्याला डॉकजवळची, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या दाराजवळची, जागा देणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

ओळी मोजल्या की जो पार्ट सर्वांत जास्त वेळा निघतो तो सर्वांत पुढे ठेवावा असं वाटतं. इथे थोडं थांबा. समजा ऑइल फिल्टरच्या दिवसाला ८० खेपा होतात आणि त्याला चार बे, म्हणजे रॅकचे चार खण, लागतात. वायपर ब्लेडच्या ५० खेपा, पण जागा एकच बे. फिल्टर पुढे ठेवला तर त्याच्या खेपांचं सरासरी अंतर अडीच बे, गुणिले ८० म्हणजे २००. वायपर पाचव्या बेमध्ये, पाच गुणिले ५० म्हणजे २५०. एकूण ४५०. आता वायपर पुढे आणा: ५० अधिक साडेतीन गुणिले ८०, एकूण ३३०. कमी खेपांचा माल पुढे आला आणि चालणं मात्र घटलं, कारण फिल्टर जागा अडवून बाकीच्यांना मागे ढकलत होता. लागणारी जागा भागिले खेपा, हा आकडा ज्याचा लहान तो दाराजवळ. जेम्स हेस्केट यांनी १९६३ मध्ये मांडलेला क्यूब-पर-ऑर्डर इंडेक्स तो हाच.

पण गंमत पुढे आहे. फिल्टरचे चारही बे खाली कशाला हवेत? एक बे पिकिंगसाठी खाली ठेवा, उरलेला साठा वरच्या लेव्हलला किंवा मागे पॅलेटवर. आता दोघांनाही एकेक बे लागतो, म्हणून फिल्टर पुन्हा पहिला: ८० अधिक १००, म्हणजे १८०. वरून माल उतरवण्याच्या खेपा वाढतात, त्या हिशेबात धरा. पण पॅलेट उतरवणं एका फेरीचं काम, आणि तेही पिकिंग सुरू होण्याआधी उरकता येतं. नव्या माणसाने काही शिकायचं असेल तर हे गणित स्वतःच्या गोडाऊनचे आकडे घालून करावं. बाकीचं अंगवळणी पडत जातं.

अंतर मोजताना नकाशावर तिरकी पट्टी लावू नका. माणूस रॅकमधून आरपार जात नाही. गल्लीगल्लीने चालत जाऊन टेपने मोजा. रॅकची रांग फार लांब असेल तर मध्ये एक आडवी गल्ली सोडायचा विचार करा. त्यात काही बिन (माल ठेवायचे कप्पे) जातात आणि स्टोअर मॅनेजर कुरकुरतात, पण अर्ध्या रांगेनंतर वळता येणं मोठी सोय आहे. उलट सगळा धावता माल एकाच गल्लीत कोंबलात तर दोन ट्रॉल्या समोरासमोर अडतील आणि कागदावर वाचलेला वेळ "ए, बाजूला घे"मध्ये जाईल. तो दोन-तीन गल्ल्यांच्या तोंडाशी वाटा.

गल्लीची रुंदी गाडीवर ठरते. रीच ट्रकला साधारण तीन मीटर पुरतात, काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्टला साडेतीन ते चार लागतात. हँड पॅलेट ट्रॉलीवाले कमीत भागवतात. जड डबे कमरेच्या उंचीला ठेवा, डोक्यावर नको. माथाडी टोळीच्या मुकादमाला विचारलंत तर कुठली जागा कंबर मोडते ते तो बोट दाखवून सांगेल.

आपल्याकडे एक भानगड पावसाची. मे महिन्यात वायपर ब्लेडची मागणी चढते आणि जानेवारीत आखलेली मांडणी चुकायला लागते. म्हणून धावत्या मालाची यादी दर तीन महिन्यांनी बघा आणि मेमध्ये तर नक्कीच. जूनमध्ये डॉकवर पाणी उडतं, त्यामुळे खोक्यातला माल शटरच्या अगदी तोंडाशी नको, आकडेमोड काहीही म्हणो.

माल हलवायला सुट्टीचा दिवस घ्या आणि सिस्टीममधलं बिन लोकेशन त्याच वेळी बदला, सोमवारवर ढकलू नका. पहिला आठवडा पिकर सवयीने जुन्या जागीच जातात. त्या बिनवर नव्या जागेचा नंबर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून चिकटवून ठेवा.