व्हॅल्यू टाइपचा कंपायलर बग काढताय? या चुका टाळा

पुण्यात स्वतःची छोटी प्रोग्रामिंग लँग्वेज आणि तिचा कंपायलर लिहिणारी पोरं बरीच भेटतात, कोण कॉलेज प्रोजेक्ट म्हणून तर कोण नोकरी सांभाळून हौसेने, आणि स्ट्रक्ट (म्हणजे काही फील्ड एकत्र ठेवणारा व्हॅल्यू टाइप, असाइन केला की अख्खी व्हॅल्यू कॉपी होते) आलं की बहुतेक जण एकाच जागी अडकतात.

आधी एक बघा, बग खरंच कंपायलरचाच आहे का? सी शार्प लँग्वेजमध्ये रीडओन्ली, म्हणजे नंतर बदलता न येणाऱ्या फील्डमधल्या स्ट्रक्टवर व्हॅल्यू बदलणारी मेथड कॉल केली की कंपायलर गुपचूप कॉपी काढतो आणि मेथड त्या कॉपीवर चालते, मूळ व्हॅल्यू जशीच्या तशी. तो बग नाही, नियम आहे. 2017 च्या सी शार्प 7.2 मध्ये रीडओन्ली स्ट्रक्ट आलं त्याने ही कॉपी टळते.

आता खरा बग. समजा फेरी नावाचं स्ट्रक्ट आहे, फील्ड दोन, कुठून आणि कुठे, व्हॅल्यू स्वारगेट आणि हिंजवडी. परतीची फेरी म्हणून आपण लिहितो:

फेरी = नवीफेरी(फेरी.कुठे, फेरी.कुठून)

कंपायलरने कॉपी वाचवायला नवी व्हॅल्यू थेट जुन्या जागेतच बांधली तर आधी कुठून मध्ये हिंजवडी लिहिलं जातं आणि मग कुठे भरायला तोच बदललेला कुठून वाचला जातो, म्हणजे बस हिंजवडीहून हिंजवडीला!

इथे लोक काय करतात, कॉपी वाचवायचं हे ऑप्टिमायझेशनच बंद करून टाकतात. नका करू, प्रत्येक असाइनमेंटला कॉपी पडेल, मोठ्या स्ट्रक्टला ते जड जातं. दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती टेस्टमध्ये पास होते: डावी-उजवीकडे व्हेरिएबलचं नाव एकच आहे का एवढंच तपासायचं. मग यादी[अ] = नवीफेरी(यादी[ब].कुठे, यादी[ब].कुठून) मध्ये नावं वेगळी, पण अ आणि ब सारखे निघाले की परत तेच. रेफरन्स, क्लोजर (बाहेरची व्हेरिएबल धरून ठेवणारं फंक्शन), आतून ग्लोबल वाचणारं फंक्शन, सगळीकडून ती जागा वाचली जाऊ शकते. म्हणून डिफॉल्ट टेम्पररी, म्हणजे तात्पुरती वेगळी जागाच ठेवा, तिथे नवी व्हॅल्यू पूर्ण बांधा मग कॉपी करा, आणि उजवीकडून ती जागा वाचली जात नाही हे कंपायलरला सिद्ध करता आलं तरच टेम्पररी काढा. कन्स्ट्रक्टर (नवीफेरी सारखं व्हॅल्यू बांधणारं फंक्शन) मधेच एक्सेप्शन टाकू शकत असेल तरी काढू नका, नाहीतर अर्धवट भरलेली व्हॅल्यू मागे राहते.

टेस्टमध्ये दोन्ही फील्डला सारखी व्हॅल्यू देऊ नका, बग दिसणारच नाही. आणि तीच टेस्ट डीबग (ऑप्टिमायझेशनशिवाय) आणि रिलीज (ऑप्टिमायझेशनसह) दोन्ही बिल्डमध्ये चालवा.