जुनं अल्को इंजिन: या चुका टाळा

पुणे-मिरज मार्गावर विजेच्या तारा आल्यापासून जुनी अल्को (अमेरिकन कंपनीच्या रचनेची) रेल्वे डिझेल इंजिनं चालतात कमी, यार्डात उभीच जास्त. चालून झिजलेलं इंजिन आवाजाने, धुराने काहीतरी सांगतं तरी. उभं राहून बिघडलेलं इंजिन स्टार्ट बटण दाबेपर्यंत गप्प असतं.

म्हणून सर्वांत महाग चूक ही, की आठवडाभर पावसात उभं असलेलं इंजिन तसंच क्रँक करायचं, म्हणजे बटण दाबून फिरवायचं. हेडला, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाला, बारीक तडा असेल तर इंजिन गार ठेवणारं पाणी झिरपून पिस्टनवर साचतं. २५१ मालिकेच्या या इंजिनाचा सिलिंडर ९ इंच व्यासाचा, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, साडेदहा इंच. कॉम्प्रेशन रेशो १२.५ धरला तर पिस्टन पार वर गेल्यावर जागा उरते जेमतेम लिटरभर. त्याहून जास्त पाणी असेल तर ते दबत नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. जागीच अडकलं तर नशीब समजा. पुष्कळदा रॉड थोडासाच वाकतो, इंजिन सुरू होतं, सगळे खूश. मग लोड घेऊन चढावर आठव्या नॉचला, म्हणजे पूर्ण ताकदीच्या टप्प्यावर, तोच रॉड तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. दोष मात्र चालवणाऱ्याच्या माथी.

आधी गार ठेवणाऱ्या पाण्याच्या एक्स्पान्शन टाकीची काच बघा. बाहेर कुठे गळती नाही आणि पातळी उतरली आहे, तर पाणी आतच गेलंय. बॅटरीचा नाइफ स्विच उघडा, म्हणजे हात आत असताना कुणी बटण दाबणार नाही. सोळाही सिलिंडरचे डिकम्प्रेशन प्लग (आतला दाब सोडणारी बुचं) काढा आणि इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. फोर-स्ट्रोक आहे, एका फेऱ्यात निम्मेच सिलिंडर कॉम्प्रेशनवर येतात. चार प्लग काढून ‘बघितलं, ठीक आहे’ म्हणणारे हुशार प्रत्येक शेडमध्ये भेटतात; त्यांच्या शब्दावर क्रँक करू नका. प्लगमधून पाणी आलं तर हेड उतरवा, डिझेल आलं तर इंजेक्टर. ते पुसून पुढे जाणं हा उपाय नव्हे.

दुसरी खोड नॉचची. याच मार्गावरच्या घाटात सालप्याहून आदर्कीकडे चढताना रूळ ओले असले, की नवख्यांना दम धरवत नाही. एकदम आठवा नॉच. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो एक्झॉस्टवर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुरावर, फिरतो, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. तोवर डिझेल जास्त, हवा कमी, म्हणून काळा धूर. त्यात चाकं घसरली, की खेच आणखी कमी होते. एकेक नॉच द्या, लोड मीटरची सुई स्थिरावू द्या, घसरण्याआधीच वाळू सोडा. गाडी अडलीच तर पॉवर देऊन ताटकळू नका. चाकं फिरवणारी मोटर फिरत नसताना सगळा करंट तिच्या कम्युटेटरच्या (करंट आत नेणाऱ्या तांब्याच्या कड्याच्या) त्याच पट्ट्यांतून जातो आणि त्या जळतात. सरळ नॉच शून्यावर आणा, ब्रेक लावा, मदत मागवा.

रात्रभर आयडलवर, म्हणजे लोडशिवाय नुसतं चालू, ठेवणंही वाईट. ज्वलन नीट होत नाही, एक्झॉस्टमध्ये तेल साठतं आणि सकाळी लोड दिला की चिमणीतून ठिणग्या उडतात. बंद करायला भीती वाटते ती बॅटरीमुळे, सकाळी इंजिन सुरूच झालं नाही तर? मग बॅटरीच तपासा ना.

चढ संपवून आल्या आल्या इंजिन बंद करू नका. तेलाचा पंप थांबतो, टर्बो मात्र फिरतच राहतो आणि बेअरिंग कोरडं पडतं. पाच-दहा मिनिटं आयडल द्या.

तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं की नवा तडा तयार.

विजेची गळती झाली की पॉवर तोडणारा ग्राउंड रिले पुन्हा पुन्हा रीसेट करू नका. दोषी मोटर शोधून कट-आउट (वेगळी) करा.

क्रँककेसचा (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या पेटीचा) दाब वाढून इंजिन बंद पडलं असेल तर ते पूर्ण गार होईपर्यंत दार उघडू नका. आत गरम तेलाची वाफ असते, बाहेरची हवा मिळाली की भडका उडतो.