चिंध्यांचं निसर्गचित्र: कापड रंगवण्यापासून चौकटीपर्यंत

कापडाच्या निसर्गचित्रात डोंगर हुबेहूब कापता आला नाही तरी चालतं. छटा चुकली, तर मात्र सगळं चित्र सपाट दिसतं. दूरचं ते फिकं आणि निळसर-करडं, जवळचं ते गडद, उबदार आणि खरखरीत. एवढं सांभाळलं की कात्री वाकडी चालली तरी फारसं बिघडत नाही.

कापड रंगवणं

पांढरं, शंभर टक्के सुती कापड घ्या. पॉलिस्टर मिसळलेलं असेल, तर सुतीचा रंग त्यातल्या पॉलिस्टरवर बसत नाही. नवं कापड गरम पाण्यात साबणाने धुवून खळ काढा, नाहीतर रंग डागाडागांनी चढतो. डाग आपल्याला हवेच आहेत, पण आपल्या मर्जीचे.

थंड पाण्यात चढणारे आणि सुती धाग्याशी रासायनिक रीतीने जोडले जाणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग यासाठी सोयीचे. ओलं कापड चुरगळून अरुंद बरणीत कोंबा, जेमतेम बुडेल इतकंच रंगाचं पाणी ओता आणि ढवळू नका. घड्यांच्या आत रंग कमी पोहोचतो आणि तिथे फिके ओघळ उमटतात. पुढे त्यांतूनच पाणी, खडक, ढग निघतात. अर्ध्या तासाने सोडा अ‍ॅशचं पाणी (म्हणजे धुण्याचा सोडा, लिटरला साधारण ६० ग्रॅम) घालून किमान चार तास ठेवा. हवा थंड असेल तर रात्रभर. मग आधी गार पाण्यात खळबळून, नंतर गरम पाण्यात साबणाने, रंग जायचा थांबेपर्यंत धुवा. रंगाची पूड उडते, म्हणून ती कालवताना मास्क आणि हातमोजे घाला. स्वयंपाकाची भांडी यासाठी वापरू नका.

आकाशाची रीत वेगळी. कापड आधी सोड्याच्या पाण्यात भिजवून पिळा, प्लॅस्टिकवर सपाट अंथरा, वरच्या कडेला गडद निळा लावा आणि खाली येताना रंगात पाणी वाढवत न्या. वरून प्लॅस्टिक झाकून तेवढाच वेळ ठेवा. क्षितिजाजवळ आकाश सर्वांत फिकं हवं. दूरच्या डोंगरांसाठी निळ्यात किंचित नारिंगी मिसळा, करडेपणा येतो. काळा मिसळण्यापेक्षा हा मार्ग मला कधीही बरा वाटतो.

मांडणी

घरातलं कातरण आणि रंगवलेले तुकडे एकत्र पसरून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. रंगाच्या मोहात न दिसलेला फिका-गडद फरक त्यात लगेच कळतो. छापील कापड असेल तर बारीक नक्षी मागे, मोठी पुढे.

पाया म्हणून जाड सुती कापड घ्या, चित्रापेक्षा चारही बाजूंनी पाचेक सेंटिमीटर मोठं, कारण दाट टाके घातले की कापड आक्रसतं. क्षितिज बरोबर मध्यावर नको. आधी आकाश, मग दूरचा डोंगर, मग त्याच्यापुढचा, असं पुढे या. प्रत्येक थर मागच्यावर सेंटिमीटरभर चढवा. डोंगराची वळणदार कड उरेब, म्हणजे विणीला तिरकी, कापली की सुतं कमी निघतात. याउलट पुढच्या शेताला किंवा वाटेला कापड सरळ फाडा. दशा सुटलेली कड तिथे शोभते. सगळं टाचण्यांनी टाचून दोन पावलं मागे जाऊन पाहा, मगच कच्चे टाके घाला.

पोत

खरी मजा इथे आहे. गवतासाठी तीनेक सेंटिमीटर उंच पट्टी कापा. तिच्यातले आडवे धागे सुईने एकेक ओढून काढा, पण तळाची अर्धा सेंटिमीटर वीण शिवणीसाठी शाबूत ठेवा. उरलेले उभे धागे कमी-जास्त उंचीवर छाटा. अशा पट्ट्या वरून खाली लावत या, म्हणजे प्रत्येकीची शिवण पुढच्या पट्टीखाली झाकते. छटाही पट्टीगणिक थोडी बदला.

खडकासाठी गडद तुकड्याला चुण्या पाडून त्या जागच्या जागी लपत्या टाक्यांनी पकडा. झाडाच्या खोडाला पिळलेली चिंधी. फुलांना गाठीचे टाके, तेही फक्त अगदी पुढच्या भागात. दूरच्या डोंगरावर एकपदरी दोऱ्याचा धावदोरा, तोही कापडाच्याच रंगात. पुढे येताना दोऱ्याचे पदर वाढवा. धुकं हवं असेल तर ऑर्गंझाचा (पातळ, पारदर्शक कापड) किंवा बारीक जाळीचा तुकडा दरीवर टाका. नायलॉनचा असेल तर इस्त्री अगदी मंद ठेवा, नाहीतर तो वितळतो.

शेवटचं काम

जाड टॉवेलवर चित्र पालथं ठेवून मागून इस्त्री करा, म्हणजे गाठी चेपत नाहीत. मग लाकडी चौकटीवर ताणा: आधी चारही बाजूंच्या मध्यावर पिना मारा, मग कोपऱ्यांकडे सरका. काच लावणार असाल तर ती कापडाला टेकू नये. चित्र थेट उन्हात टांगू नका. हाताने रंगवलेलं कापड उन्हाने विटतं.