व्होल्टेज आणि करंटवरून रोध व शक्ती काढताना या चुका टाळा

व्होल्टेजला करंटने भागले की रोध मिळतो आणि दोहोंचा गुणाकार केला की शक्ती मिळते, एवढे गणित शाळकरी विद्यार्थ्यालाही येते. तरीही घरातल्या एखाद्या उपकरणावर तेच गणित केले की उत्तर त्यावर छापलेल्या वॅटशी जुळत नाही आणि संशय मीटरवर घेतला जातो. मीटर क्वचित चुकतो. बहुतेक वेळा घोटाळा असा असतो, की सूत्रात घातलेले दोन आकडे एकाच भागाचे, एकाच वेळचे आणि एकाच अवस्थेतले नसतात.

पहिली चूक व्होल्टेज कुठे मोजले याची आहे. २३० व्होल्टला २००० वॅट देणाऱ्या हीटरचा रोध २६.४५ ओहम आणि करंट सुमारे ८.७ अँपिअर असतो. हाच हीटर ०.७५ चौरस मिलिमीटरच्या, २० मीटर लांब एक्सटेन्शनवर चालवला (खरे तर इतक्या भाराला ही वायर वापरूच नये), तर जाण्यायेण्याच्या ४० मीटर तांब्याचा आणि जोडांचा मिळून जवळपास १ ओहम रोध मध्ये येतो. करंट ८.४ अँपिअरच्या आसपास उतरतो, भिंतीतल्या सॉकेटवर २३० व्होल्टच दिसतात, पण हीटरच्या टोकांवर सुमारे २२२ व्होल्टच उरलेले असतात. सॉकेटवरचा आकडा घेऊन भागाकार केला, तर हीटरचा रोध २७.४५ ओहम निघतो. तो हीटरचा आणि वायरचा एकत्रित रोध असतो. शक्ती १९२७ वॅट येते, पण त्यातले सुमारे ७० वॅट वायर आणि जोड तापवण्यातच खर्च होतात. म्हणून ज्या भागाचा रोध हवा आहे, त्याच्याच दोन टोकांमधले व्होल्टेज घ्यावे. याच हिशेबाने सैल पिनमध्ये नुसता ०.१ ओहमचा रोध असला, तरी ८.४ अँपिअरला तिथे ७ वॅट उष्णता साचते, आणि प्लगचे प्लॅस्टिक काळे पडायला तेवढी पुरते.

बंद उपकरणाचा रोध आणि चालू उपकरणाची शक्ती

ओहमच्या नियमाची व्याख्या पाठ करताना 'वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना' हे शब्द आपण घाईने म्हणून टाकतो, आणि नेमके तेच इथे आडवे येतात. जुन्या १०० वॅटच्या तारेच्या बल्बचा रोध थंड असताना मल्टिमीटरवर ४० ओहमच्या आसपास दिसतो. व्होल्टेजच्या वर्गाला या आकड्याने भागले, तर शक्ती १३०० वॅटच्या वर जाते. प्रत्यक्षात बल्ब पेटला, की टंगस्टनची तार हजारो अंशांपर्यंत तापते आणि तिचा रोध ५२९ ओहमपर्यंत चढतो. मल्टिमीटर बिघडलेला नाही आणि नियमही खोटा ठरत नाही. थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या हिशेबात घातला, एवढेच. गिझरच्या एलिमेंटमधली मिश्रधातूची तार मात्र तापल्यावर फारशी बदलत नाही, त्यामुळे तिथे बंद अवस्थेतला रोध हिशेबाला चालतो. तो मोजण्यापूर्वी वीज तोडून प्लग काढावा. चालू सर्किटमध्ये रोध मोजल्यास आकडा निरर्थक येतो आणि मीटरही जाऊ शकतो.

छापील वॅट कायम धरणे

व्होल्टेज उतरले की करंट वाढतो, असे सर्रास सांगितले जाते. संध्याकाळी दाब १९० व्होल्टवर आला, की २००० भागिले १९० करून १०.५ अँपिअर असे उत्तर काढले जाते. हीटरच्या बाबतीत ते साफ चुकीचे आहे, कारण त्याचा रोध कायम असतो, वॅट कायम नसतात. करंट ७.२ अँपिअरपर्यंत उतरतो आणि शक्ती सुमारे १३६५ वॅट होते. म्हणजे दाब १७ टक्क्यांनी घटला, तरी शक्ती ३२ टक्क्यांनी घटते, कारण ती दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. भाराखालच्या मोटारीला किंवा लॅपटॉपच्या अडॅप्टरला मात्र कमी दाबावर जास्त करंट लागतो, आणि ही समजूत बहुधा तिथूनच आली असावी.

मोटारीच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. पंप २३० व्होल्टवर ७ अँपिअर घेत असेल, तर १६१० हा गुणाकार व्होल्ट-अँपिअरमध्ये असतो. पॉवर फॅक्टर (या गुणाकारातला खऱ्या शक्तीचा वाटा) ०.८ असल्यास खरी शक्ती १२८८ वॅट भरते आणि घरगुती मीटरमधले युनिट त्याच हिशेबाने पडतात. तसेच २३० ला ७ ने भागून आलेले ३३ ओहम म्हणजे वाइंडिंगचा रोध नव्हे, तर चालू मोटारीचा इंपीडन्स, म्हणजे एसी करंटला होणारा एकूण विरोध असतो. वाइंडिंग जळले का, हे पाहण्यासाठी तो आकडा वापरला, तर धडधाकट मोटारही दुरुस्तीला जाईल.

एककांची चूक लहान सर्किटमध्ये जास्त होते. १२ व्होल्टवर ३ व्होल्टचा एलईडी २० मिलिअँपिअरला चालवायचा असेल, तर रोधकावर १२ नव्हे, ९ व्होल्ट येतात. ९ भागिले २० केल्यावर येणारे ०.४५ हे किलोओहम असतात, म्हणजे ४५० ओहम. बाजारात जवळचा ४७० ओहमचा मिळतो. त्यावरची शक्ती ०.१७ वॅट होते, त्यामुळे पाव वॅटचा रोधक टिकतो, पण अर्ध्या वॅटचा कमी तापतो.

वायरीभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर शून्य दाखवत असेल, तर त्याच्या जबड्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र अडकल्या आहेत का, ते आधी पाहावे. दोन्हींतले करंट उलट दिशांचे असल्याने एकमेकांना खोडून टाकतात, म्हणून फक्त एकच वायर आत घ्यावी. करंट मोजल्यानंतर मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या खाचेतच राहू देऊन २३० व्होल्ट मोजायला गेल्यास फेज आणि न्यूट्रल मीटरमधून थेट शॉर्ट होतात.