जाळीचं दार आपोआप पूर्ण लागत नव्हतं, शेवटी स्प्रिंग बिजागरी बदलली

गॅलरीचं जाळीचं दार लॅचपासून वीतभर आधीच थांबायचं. ऑइल मारलं, लॅचची पट्टी सरकवली, काही फरक नाही, घरभर डास, डोकं उठलं होतं.

मग बिजागरीच बघितली. बिजागरीच्या नळीच्या वरच्या टोकाला भोकांची फिरती कडी असते, एका भोकात बारीक पिन, तीच आतली पिळलेली स्प्रिंग अडवून धरते. दार बंद ठेवून वरून ॲलन की (षटकोनी टोकाची चावी) घातली, जराशी आणखी पिळली की पिन सैल होते, मग पक्कडीने काढायची. चावी मात्र हळूहळूच सोडा, फटका जोरात बसतो. खालच्या बिजागरीत चावी नुसतीच गरगर फिरली, म्हणजे आतली स्प्रिंग तुटलेली.

दोन्ही बिजागऱ्यांच्या स्प्रिंगचा ताण सोडला, दाराखाली पाचर मारली आणि एका वेळी एकच काढून त्याच मापाची 4 इंची नवीन बसवली. स्क्रूची भोकं ढिली होती, तिथे फेव्हिकॉल लावून काडेपेटीच्या काड्या ठोकल्या, सुकल्यावर स्क्रू. मग दार बंद करून दोन्हीकडे एकच भोक पिळून पिन लावली, सोडून बघितलं, लॅच लागेपर्यंत एकेक भोक वाढवलं. एकदम फुल पिळलं तर दार धाडकन आपटतं.