पाच साखळ्या, आठ आणे

माझ्या पहिल्याच पैसे मिळालेल्या कामात मी एका शेताचा कोपरा दहा फूट पुढे ढकलला. कागदावरच, पण ढकलला.

जमीन मोजणीचे जुने कागद वाचून देणं हे माझं काम. टिपणाच्या (शेत मोजताना काढलेल्या कच्च्या नकाशाच्या) नकलेवर एका शंकूशेजारी (पायाच्या रेषेवर टाकलेल्या लंबाशेजारी) ५-८ असा आकडा होता. मी इतिहासात एम.ए. केलेली, मोडीचा वर्ग पूर्ण केलेली, अंगात भारी आत्मविश्वास. मी तो ५.८ वाचला, ३३ने गुणला आणि वकिलांना १९१.४ फूट लिहून दिले. खरं तर ते होतं पाच साखळ्या, आठ आणे. मुंबई इलाख्याच्या जुन्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे सोळा. आठ आणे म्हणजे अर्धी साखळी. अंतर १८१.५ फूट. फरक ९.९ फुटांचा. गावाकडच्या माणसाला दहा फूट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही; दहा फुटांवर दोन पिढ्या कोर्टात जातात.

चूक पकडली ती निवृत्त निमतानदार काकांनी. (निमतानदार म्हणजे भूकरमापकाने केलेल्या मोजणीवर हरकत आली की ती तपासायला जाणारा वरचा माणूस.) त्यांनी माझा कागद पाहिलाही नाही. म्हणाले, ‘‘गुणाकार बुकाची नक्कल काढलीस का गं?’’ काढली होती, पण त्यात नुसते हिशेब दिसले म्हणून बाजूला ठेवली होती. ‘‘मग बघ त्या त्रिकोणाचं क्षेत्र किती धरलंय.’’ पाया ८-०, शंकू ५-८, क्षेत्र २२ गुंठे. आठ गुणिले साडेपाच चव्वेचाळीस, निम्मे बावीस. माझ्या वाचनाने २३.२ आले असते. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद तुकडा म्हणजे बरोबर एक गुंठा, त्यामुळे साखळीला साखळीने गुणलं की उत्तर थेट गुंठ्यात येतं. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. ज्यांनी ही मापं बसवली त्यांनी गणित शेताच्या बांधावर उभं राहून करता यावं असंच बसवलं होतं, आणि मी ते कॅल्क्युलेटरवर बिघडवलं.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी ही गोष्ट आधी सांगते. येणारे साधारण तीन वाटांनी येतात: इतिहासवाले, कायदावाले आणि आयटीआयचा सर्व्हेअर किंवा सिव्हिल डिप्लोमा केलेले. इतिहासवाल्यांना मजकूर वाचता येतो, आकडे येत नाहीत. सर्व्हेअरचं उलट. आणि वकिलांना दोन्ही येत नाही पण ‘खरी नक्कल’ हा शिक्का दिसला की विश्वास बसतो. शिक्का एवढंच सांगतो की ही नक्कल त्या कार्यालयात आज जो कागद आहे त्याच्याशी जुळते. तो कागद स्वतःच कशाची नक्कल आहे, हे शिक्का सांगत नाही. आपलं काम तिथून सुरू होतं.

जरा मागे जाऊ. पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी दख्खनची पहिली मोठी मोजणी १८२०च्या दशकात प्रिंगल या अधिकाऱ्याकडून करवली. शेताचं निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवायचा, असा त्याचा पुस्तकी हिशेब. मोजणी सदोष निघाली, सारा डोईजड झाला, लोक जमिनी टाकून गेले. मग १८३५पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी काम नव्याने हाती घेतलं, आणि १८४७च्या जॉइंट रिपोर्टात त्या पद्धतीचे नियम पक्के झाले. आज तुमच्या हातात पश्चिम महाराष्ट्रातलं जे जुनं टिपण येतं ते या घराण्यातलं. उत्पन्न मोजण्याच्या भानगडीत न पडता जमिनीची प्रत ठरवायची, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ वर्ग करायचे आणि साऱ्याचा दर तीस वर्षांसाठी बांधून द्यायचा.

प्रतबंदीचे हे कागद मला सगळ्यांत आवडतात. शेताचे कप्पे पाडलेले, प्रत्येक कप्प्यात मातीची खोली आणि रंग, आणि दोषांच्या बारीक खुणा. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणं. एक खूण म्हणजे एक वर्ग खाली. एका कप्प्याला दोन खुणा दिसल्या की तिथे दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी खड्डा खणून, माती चिमटीत धरून मान हलवली होती हे कळतं. वकिलांना या कागदांत रस नसतो. तुम्ही मात्र मिळाले की वाचा. शेत कसं होतं ते टिपणापेक्षा इथे जास्त कळतं.

आता या कामातली सगळ्यांत मोठी समजूत, जी मोडायला मला वर्ष लागलं: हे कागद मालकी ठरवतात. ते त्यासाठी तयार झालेले नाहीत. सारा कोणाकडून आणि किती घ्यायचा, यासाठी झाले आहेत. आकारबंदात (गावाच्या साऱ्याच्या पत्रकात) नंबर, क्षेत्र आणि आकार, म्हणजे सारा, येतो. हक्कांची नोंद ठेवण्याची पद्धत नंतरची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. सातबारावरची नोंदसुद्धा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १५७प्रमाणे खरी धरली जाते ती उलट सिद्ध होईपर्यंतच. तेव्हा अशील ‘‘ताई, यात आमचं नाव आहे ना?’’ विचारतो तेव्हा घाईने मान डोलावू नका.

नंबरांचा गुंताही सुरुवातीलाच सोडवून घ्या. एकाच शेताला मूळ मोजणीचा एक नंबर, तीस वर्षांनी फेरमोजणी झाली तिथे दुसरा, आणि १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखाली योजना लागू झाली असेल तर तिसरा, म्हणजे गट नंबर. लोक गट नंबर घेऊन येतात आणि १८९०चं टिपण मागतात. मधला पूल तुम्ही बांधायचा. त्यासाठी एकत्रीकरणाचा जबाब आणि ९(३), ९(४)चा उतारा (गट नंबर जुन्या नंबराशी जोडणारे योजनेतले तक्ते) काढायचा, त्यावरून सर्व्हे नंबर आणि हिस्सा, मग शेतवार पत्रकावरून त्याआधीचा नंबर. पोटहिस्सा पडला असेल तर फाळणी (हिश्श्यांची मोजणी) आणि आकारफोड (साऱ्याची हिश्श्यांत वाटणी), क्षेत्र बदललं असेल तर कमी-जास्त पत्रक. यातला एक कागद गाळला की पुढची साखळी तुटते. मी प्रत्येक कामाला वहीचं एक पान आडवं धरून डावीकडून उजवीकडे नंबर लिहीत जाते; जिथे पुरावा नाही तिथे जागा कोरी ठेवते. कोरी जागा अंदाजाने भरायचा मोह फार होतो.

ही सगळी पत्रकं तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कार्यालयात असतात. (जुने लोक अजून ‘टीआयएलआर ऑफिस’ म्हणतात.) अर्ज साधा: गाव, तालुका, नंबर, कोणता अभिलेख, किती प्रती. ‘जुने सर्व कागद मिळावेत’ असा अर्ज केलात तर काहीच मिळत नाही. अभिलेखपालाला कोणता रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) सोडायचा तेच कळत नाही. अभिलेखाचं नाव घेऊन मागा. पोच घ्या. नक्कल हातात पडली की आधी खालचा मजकूर वाचा: अर्जाची तारीख, नक्कल तयार करणार, रुजुवात घेणार (म्हणजे नक्कल मुळाशी ताडून पाहणार). रुजुवातीची सही नसेल तर तिथेच परत द्या, घरी आल्यावर हेलपाटा पडतो. कागद मिळाला नाही, तर ‘अभिलेख आढळून येत नाही’ किंवा ‘जीर्ण आहे’ हे लेखी घ्या. ही दोन उत्तरं सारखी नाहीत. जीर्ण असलेला कागद अजून आहे.

आता बऱ्याच तालुक्यांचे स्कॅन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर डिजिटल सहीने मिळतात आणि नवीन मुलं तेवढ्यावर काम उरकतात. सोय मोठीच आहे, पुण्यात बसून सोलापूरकडचं टिपण बघता येतं. पण एका प्रकरणात स्कॅनमध्ये मला शेताच्या मधोमध जाणारी रेघ दिसली आणि मी ती मूळ मोजणीतली समजले. अभिलेख कक्षात अस्सल पाहिलं तर रेघ तांबड्या शाईची, म्हणजे नंतर केलेली दुरुस्ती. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये शाई एकच झाली होती. तेव्हापासून वादाचा मुद्दा ज्या रेघेवर आहे ती रेघ मी अस्सलावर पाहिल्याशिवाय सही करत नाही. कागदाचा पोत, मागच्या बाजूचा मजकूर, फाटलेल्या घडीत अडकलेला आकडा, यातलं काहीच स्क्रीनवर येत नाही. आणि हो, टिपण प्रमाणात काढलेलं नसतं. त्यावर मोजपट्टी ठेवणारे इंजिनिअर मी पाहिले आहेत. लांबी लिहिलेल्या आकड्यावरून घ्यायची, चित्रावरून नाही.

नकलेची नक्कल ओळखायची कशी? माझी एक युक्ती. जुन्या आकड्यांत उभ्या रेघा बघा. ४। म्हणजे सव्वाचार, ४॥ म्हणजे साडेचार, ४॥। म्हणजे पावणेपाच. ज्या नकलाकाराला ही रीत माहीत नव्हती त्याने ४। चं ४१ आणि ४॥ चं ४११ केलेलं सापडतं. बेरीज मारली की पितळ उघडं पडतं. म्हणून बेरीज मारत जा, प्रत्येक वेळी. पत्रकाच्या तळाशी आलेली बेरीज बहुधा अस्सलावरून उतरलेली असते, वरचा एखादा आकडा बिघडलेला असतो. असंच हेक्टर-आरचं. दशमान पद्धत आली तेव्हा एकर-गुंठ्यांचं रूपांतर झालं, आणि ‘एक आर म्हणजे एक गुंठाच की’ ही समजूत अजून चालते. गुंठा १०१.१७ चौरस मीटर, आर १००. वीस एकरांत हा फरक नऊ आरांच्या वर जातो आणि मग लोक म्हणतात, शेजाऱ्याने खाल्ली.

मोडी शिकावी लागते का? लागते. १९५०च्या आसपासपर्यंतचे हस्तलिखित शेरे मोडीत सापडतात, कोष्टक बाळबोध आणि शेरा मोडी असंही. पुराभिलेख संचालनालयाचे आणि काही विद्यापीठांचे वर्ग आहेत, अक्षरओळख पंधरा दिवसांत होते. पण वर्गात शिकवलं जाणारं वळणदार अक्षर निराळं आणि घाईत लिहिणाऱ्या कारकुनाचं निराळं. मला सलग वाचता यायला आठ महिने लागले, रोज एक पान. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. त्या लाटेत आलेल्यांपैकी ज्यांना नुसती जातीची नोंद शोधता येत होती त्यांचं काम ओसरल्यावर थांबलं. सोबत आकारफोड वाचणारे टिकले.

पेशवेकालीन कागदांपर्यंत जाणार असाल तर सालं वेगळी. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१, शकात ७८ किंवा ७९. सुहूर सन तर अरबी शब्दांत: ‘सबा खमसैन मया व अलफ’ म्हणजे ११५७, इसवी १७५६-५७. सुहूर आणि फसली वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं, त्यामुळे महिना बघितल्याशिवाय इसवी सन लिहू नका. आणि हे सगळं मी पुणे-सातारा-नगर या पट्ट्याबद्दल सांगते आहे. मराठवाड्यात निजामाच्या अमलातले कागद उर्दूत, तिथे खासरा पत्रकाशी गाठ पडते. नागपूरकडे मालगुजारी आणि निस्तार पत्रक. तिकडचं काम मी घेत नाही, तिकडच्या माणसाकडे पाठवते.

पैशांचं थोडक्यात. सरकारी नोकरी हवी असेल तर भूकरमापकाची परीक्षा आहे, त्याला सर्व्हेअर आयटीआय किंवा सिव्हिलचा डिप्लोमा लागतो, एम.ए. चालत नाही. बाहेरचं काम वकील, बांधकाम व्यावसायिकांचे शोध अहवाल आणि अधूनमधून संशोधक देतात. वकील उशिरा देतात, संशोधक कमी देतात. निम्मे पैसे आधी घ्या. नक्कल ‘लवकर काढून देण्याचे’ पैसे मात्र कधीही घेऊ नका. एकदा एजंट म्हणून ओळख झाली की अभिलेख कक्षात तुम्हाला कोणी खुर्ची देत नाही.

काकांना दाखवायला मी अजूनही अवघड टिपणं घेऊन जाते. मागच्या महिन्यात एक वृद्ध शेतकरी माझ्याबरोबर आले होते. काकांनी पाया बोटाने धरला, शंकू मोजले, गुणाकार ताडून पाहिला आणि म्हणाले, ‘‘कागद बरोबर आहे, दादा.’’ दादांनी विचारलं, ‘‘मग आमचा बांध कुठला?’’ काका माझ्याकडे बघून हसले. ‘‘ते ना ही मुलगी सांगणार, ना मी. मोजणीचा अर्ज टाका. भूकरमापक येईल तेव्हा ही नक्कल त्याच्या हातात द्या. आणि त्याने पाच-आठला पाच दशांश आठ म्हटलं, तर हिला फोन करा.’’